८७ टक्के आणि एक रुसलेला शेजारी

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून सिडनीत, पॅरामॅटाजवळ राहतो. आमचे शेजारी मूळचे न्यूझीलंडचे. वायरिंगची कामं करतात, अतिशय सज्जन गृहस्थ आहेत. पण मायदेशाचा विषय निघाला की त्यांचा नूरच पालटतो. ‘मुलाला एक चापट मारली तर बापाला तुरुंगात टाकणारा देश तो. ८७ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं, तरी सरकारनं कायदा ठेवलाच. तेव्हाच माझं मन उडालं,’ असं म्हणतात. २०११ साली बिऱ्हाड उचलून इकडे आले ते आलेच. हे सगळं खरं आहे का? लोकशाहीत ८७ टक्क्यांचं कुणी ऐकत नाही, असं कसं होतं? आणि आम्ही राहतो तिथे नि आपल्या भारतात याबाबत काय नियम आहेत? मला सात वर्षांचा मुलगा आहे आणि मी काही संत नाही, म्हणून विचारते.
— एक वाचक, सिडनी

उत्तर : संत असतात त्यांना हा प्रश्न पडत नाही, तेव्हा विचारलंत ते बरंच झालं. तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे. कायद्याबद्दल त्यांची समजूत मात्र चुकीची आहे. राहिली त्यांची तक्रार. तिच्यात बराच दम आहे, पण ती कायद्याच्या नावावर नोंदवली गेली आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. एकेक धागा सोडवू.

आधी ‘चापट मारली की तुरुंग’ हे पाहू. बहुतेकांची कल्पना अशी असते की न्यूझीलंडनं २००७ साली ‘मुलाला मारणे’ नावाचा एक नवा गुन्हा तयार केला. तसं झालेलं नाही. तिथल्या फौजदारी कायद्यात दुसऱ्याच्या अंगावर जाणूनबुजून बळ वापरणं हा हल्ला आहे, आणि हा नियम फार जुना आहे. तुम्ही शेजाऱ्याच्या पाठीत धपाटा घातलात तरी तो हल्लाच. फक्त मुलांच्या बाबतीत एक पळवाट होती. १९६१ च्या फौजदारी कायद्याच्या कलम ५९ नुसार, मुलाला वळण लावण्यासाठी आईबापांनी ‘वाजवी’ बळ वापरलं असेल, तर तो बचाव म्हणून कोर्टात मांडता येत असे. २००७ मध्ये हा बचाव काढून घेतला गेला. म्हणजे मुलांसाठी वेगळा गुन्हा निर्माण झाला नाही. मोठ्या माणसाला जे संरक्षण आधीपासून होतं, ते मुलालाही मिळालं.

हा ‘वाजवी’ शब्द कायद्यात आला कुठून, ही कथा ऐकण्यासारखी आहे. १८६० साली इंग्लंडमधल्या ईस्टबोर्न गावी थॉमस हॉपली नावाच्या शिक्षकानं पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला इतकं मारलं की मुलगा दगावला. मारायला मुलाच्या वडिलांची संमतीही घेतलेली होती. हॉपली मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला, पण त्या खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी सांगितलं की पालकाला आणि त्याच्या वतीनं शिक्षकाला वाजवी आणि माफक शारीरिक शिक्षा करता येते. इथे मर्यादा ओलांडली गेली. एका मुलाच्या मृत्यूच्या खटल्यातून निघालेलं हे तत्त्व मग इंग्रजी कायदा जिथे जिथे गेला तिथे तिथे गेलं आणि टिकलं. आपली भारतीय दंडसंहिताही त्याच १८६० सालची आहे. तिच्याकडे शेवटी वळू.

अडचण अशी, की ‘वाजवी’ म्हणजे किती हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते ठरवायचं ज्यूरीनं. ज्यूरीत बसलेली माणसं स्वतः कधीतरी मार खाऊन मोठी झालेली, त्यामुळे त्यांचा गज भलताच लांब असे. २००५ मध्ये टिमारू गावात एका आईनं मुलाला वेताच्या छडीनं आणि घोड्याच्या चाबकानं मारल्याचा खटला चालला. ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं. देशभर चर्चा पेटली. त्यातच युनिसेफच्या २००३ च्या एका अहवालानं श्रीमंत देशांमध्ये मारहाणीनं आणि हेळसांडीनं होणाऱ्या बालमृत्यूंच्या बाबतीत न्यूझीलंडला चांगलंच खाली बसवलं होतं. २००६ मध्ये ऑकलंडमधली तीन महिन्यांची जुळी बाळं मारहाणीत मरण पावली आणि लोक हादरून गेले. न्यूझीलंडनं १९९३ मध्ये बालहक्क करारावर शिक्कामोर्तब केलं होतं आणि शाळांमधली छडी १९९० मध्येच कायद्यानं बंद झाली होती. प्रश्न उरला होता तो घराचा.

ग्रीन पक्षाच्या खासदार सू ब्रॅडफर्ड यांनी कलम ५९ रद्द करण्याचं खासगी विधेयक तयार केलं होतं. न्यूझीलंडच्या संसदेत खासगी विधेयकांची सोडत काढतात, आणि ती काढायला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा वापरतात. थट्टा करत नाही. खरोखरच बिस्किटांचा डबा, त्यात क्रमांक लिहिलेल्या सोंगट्या. जून २००५ मध्ये त्या डब्यातून ब्रॅडफर्डबाईंच्या विधेयकाचा नंबर निघाला. नाहीतर तुमच्या शेजाऱ्यांना रागावण्यासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

पुढची दोन वर्षं खडाजंगीत गेली. नॅशनल पक्षाचे चेस्टर बरोज हे पूर्वी पोलीस होते आणि नंतर वकील. त्यांनी एक मधला मार्ग सुचवला : बचाव ठेवा, पण ‘वाजवी’ची व्याख्या करा, क्षणिक आणि किरकोळ मार चालेल, त्यापलीकडे नाही. ब्रॅडफर्ड अडून बसल्या. किती मार कायदेशीर हे कायद्यानं लिहून द्यायचं असेल तर मी विधेयकच मागे घेते, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी पंतप्रधान हेलन क्लार्क आणि विरोधी पक्षनेते जॉन की यांनी तडजोड काढली आणि १६ मे २००७ रोजी ११३ विरुद्ध ८ मतांनी विधेयक मंजूर झालं. २१ जूनपासून कायदा लागू झाला.

नव्या कलमात काय आहे, ते शेजाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचायला हवं. मुलाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्यापासून वाचवण्यासाठी, मुलाला गुन्हा करण्यापासून रोखण्यासाठी, त्याचा त्रासदायक धिंगाणा आवरण्यासाठी आणि रोजच्या सांभाळातल्या साध्या कामांसाठी आईबाप वाजवी बळ वापरू शकतात. शेगडीकडे धावणाऱ्या पोराला दंड धरून ओढलं, भर दुकानात लोळण घेणाऱ्याला उचलून बाहेर नेलं, हातपाय झाडणाऱ्याला कपडे घातले, तर काहीही बिघडत नाही. एकच गोष्ट चालत नाही : झालेल्या चुकीची शिक्षा म्हणून मारणं. आणि तिथेही क्लार्क–की तडजोडीतून आलेलं एक पोटकलम आहे. मामला अगदीच किरकोळ असेल आणि खटला भरण्यात सार्वजनिक हित नसेल, तर खटला न भरण्याची मुभा पोलिसांना आहे. सिग्नलला गाडीचं चाक पांढऱ्या रेषेच्या वीतभर पुढे गेलं तर हवालदार नुसता डोळे वटारतो आणि पावतीपुस्तक खिशातच ठेवतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे ती मुभा कायद्यातच छापून ठेवली आहे.

म्हणून ‘एका चापटीसाठी तुरुंग’ हे चित्र खरं नाही. कायदा आल्यावर पोलिसांनी अशा प्रकरणांचे आढावे वेळोवेळी प्रसिद्ध केले. त्यात निव्वळ चापटीची प्रकरणं फार थोडी होती आणि त्यांतली बहुतेक समज देऊन मिटली. जी प्रकरणं कोर्टात गेली, त्यांत बहुधा चापटीपेक्षा बरंच जास्त काहीतरी घडलेलं असे. वर्तमानपत्रात मथळा मात्र चापटीचाच येई. शेजाऱ्यांच्या मनात ते मथळे साठून राहिले असावेत.

आता ८७ टक्के. इथे मी शेजाऱ्यांच्या बाजूनं थोडा वेळ बोलणार आहे, कारण त्यांची ही बाजू नेहमी उडवून लावली जाते.

न्यूझीलंडमध्ये १९९३ पासून एक सोय आहे. नोंदणीकृत मतदारांपैकी दहा टक्क्यांनी सह्या केल्या तर कुठल्याही प्रश्नावर देशभर सार्वमत घ्यावं लागतं. कायद्याच्या विरोधकांनी तीन लाखांच्या वर सह्या जमवल्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये टपालानं मतदान झालं. सुमारे नव्वद लाख डॉलर खर्च आला. प्रश्न साधारण असा होता : चांगल्या पालकत्वाचा भाग म्हणून मुलाला वळण लावण्यासाठी मारलेली चापट हा न्यूझीलंडमध्ये फौजदारी गुन्हा असावा का? ८७.४ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं.

प्रश्नाची घडण पाहा. ‘चांगलं’ हे विशेषण प्रश्नातच बसवलेलं. चांगली गोष्ट गुन्हा असावी का असं विचारल्यावर ‘हो’ म्हणणारा माणूस शोधावा लागेल. शिवाय जो पालक मारण्याच्या विरुद्ध आहे, पण शेजारणीला कोर्टात खेचू नये असंही ज्याला वाटतं, त्यानं कुठे खूण करायची? जॉन की तोवर पंतप्रधान झाले होते. ते आणि मजूर पक्षाचे नेते फिल गॉफ, दोघांनीही आपण या प्रश्नावर मतच देणार नसल्याचं जाहीर केलं.

हे सगळं मान्य केलं तरी आकडा लहान होत नाही. मतदान ५६ टक्क्यांच्या आसपास झालं. ‘नाही’ म्हणणारे साडेचौदा लाखांहून अधिक होते. त्याच्या आदल्या वर्षी सरकार बनवणाऱ्या नॅशनल पक्षाला मिळालेली मतं साडेदहा लाखांच्या घरात. ज्या सरकारला साडेदहा लाखांनी निवडलं, त्यानं साडेचौदा लाखांना ‘बघू’ म्हणावं, याचा राग येणं स्वाभाविक आहे. प्रश्न वाकडा होता म्हणून उत्तर देणारे सगळेच भाबडे होते असं म्हणणं हा उद्धटपणाच होईल. त्या मतदारांना काय म्हणायचं होतं ते पुरेसं स्पष्ट होतं : आमच्या घरात डोकावू नका.

मग ऐकलं का नाही? पहिलं कारण कायद्याचं. ही सार्वमतं सरकारवर बंधनकारक नसतात. १९९३ च्या कायद्यातच तसं आहे. दुसरं कारण राजकारणाचं, आणि ते जास्त खरं आहे. तडजोड स्वतः की यांनीच केली होती. ११३ मतांमध्ये दोन्ही मोठे पक्ष होते. आता माघार घ्यायची तर दोघांनीही आपलंच थुंकलेलं चाटायचं. त्याऐवजी की यांनी कायद्याची अंमलबजावणी तपासायला एक आढावा नेमला. त्यात पोलीस आयुक्त, समाजकल्याण खात्याचे प्रमुख आणि नायजेल लाट्टा हे टीव्हीवरून घरोघर माहीत असलेले मानसशास्त्रज्ञ होते. त्या वर्षाअखेर त्यांनी सांगितलं की कायदा ठरल्याप्रमाणे चालला आहे, चांगल्या पालकांना त्रास होताना दिसत नाही. त्याआधी नोव्हेंबरमध्ये ऑकलंडच्या रस्त्यावर ‘लोकशाहीसाठी’ म्हणून मोठा मोर्चा निघाला होता. त्याचा खर्च करणारे उद्योजक कॉलिन क्रेग यांनी पुढे स्वतःचा पक्षच काढला. त्यानंतर सरकारं उजवीकडची आली, डावीकडची आली, पुन्हा उजवीकडची आली. कलम ५९ ला कुणीही हात लावलेला नाही.

शेजाऱ्यांना एक सांगता येईल, अर्थात चहा पुढे ठेवून. हे फक्त चापटीच्या बाबतीत झालं नाही. १९९९ मध्ये खासदारांची संख्या १२० वरून ९९ करा, असा कौल ८१ टक्क्यांहून अधिक लोकांनी दिला होता. खासदार अजून १२० च्या आसपासच आहेत, आणि आपली संख्या कमी करायची आहे की नाही हे ठरवणारेही तेच. २०१३ मध्ये सरकारी वीज कंपन्यांचे समभाग विकू नका असं दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, विक्री झालीच. म्हणजे दुर्लक्षाची ही जुनी चाल आहे. तेव्हा रागवायचंच तर १९९३ च्या सार्वमत कायद्यावर रागवावं. मुलांना मिळालेल्या संरक्षणाशी त्याचा संबंध नाही.

आणि मन उडालं म्हणून देश सोडला, हे? माणूस घर सोडतो तेव्हा कारणं नेहमी चारपाच असतात आणि सांगताना त्यातलं एकच सांगितलं जातं, बहुधा सगळ्यात तात्त्विक असलेलं. २०११-१२ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून अधिक न्यूझीलंडवासी ऑस्ट्रेलियात येत होते. इकडे खाणींची भरभराट होती, पगार चांगले होते; तिकडे फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानं ख्राइस्टचर्च उद्ध्वस्त झालं होतं. न्यूझीलंडच्या नागरिकाला इथे राहायला आणि काम करायला वेगळ्या परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत, विमानतळावरच व्हिसा मिळतो. तुमच्या शेजाऱ्यांचं दुःख खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण वायरिंगच्या कामाचा सिडनीतला दरही त्यांना आवडला असेल, इतकंच. त्यातला एक विरोधाभास मात्र गमतीचा आहे. परदेशी राहणारा न्यूझीलंडचा नागरिक सर्वसाधारणपणे तीन वर्षांत एकदाही मायदेशी फिरकला नाही तर तिथला त्याचा मतदानाचा हक्क जातो. आपलं मत मोजलं नाही म्हणून जो रुसून निघून गेला आणि रुसलेलाच राहिला, त्याचं मत आता खरोखरच मोजलं जात नाही.

कायद्यानं लोकांची मनं बदलतात का, हाही तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न आहे. स्वीडननं १९७९ मध्ये जगात पहिल्यांदा घरातही मुलांना मारायला बंदी केली. त्यांनी ती फौजदारी कायद्यात न घालता पालकत्वाच्या कायद्यात घातली आणि त्या कलमाला शिक्षाच जोडली नाही. मुलं असलेल्या घरांत माहितीपत्रकं पाठवली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, म्हणजे न्याहारीच्या टेबलावर तो पोरांनीच वाचून दाखवावा. १९६५ मध्ये निम्म्याहून अधिक स्वीडिश लोकांना मार आवश्यक वाटे. तीस वर्षांनी असं म्हणणारा दहांत जेमतेम एक उरला होता. तिथे लोकमत आधीच वळू लागलं होतं, कायदा त्याच्या मागोमाग आला. न्यूझीलंडमध्ये कायदा पुढे गेला आणि लोक मागे राहिले, त्यातून ही सारी कटुता आली. आज साठहून अधिक देशांत घरातल्या मारावर पूर्ण बंदी आहे. आपल्या शेजारच्या नेपाळनं ती २०१८ मध्ये आणली.

भारत त्या यादीत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. गोव्यानं तर त्याआधीच, २००३ च्या बालकायद्यात शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली होती. मुलांच्या क्रूर छळाला बालन्याय कायद्यात शिक्षा आहे, आणि ती पालकांनाही लागू होते. पण घरातल्या सौम्य माराबद्दल १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ८९ नव्या न्याय संहितेत कलम २७ म्हणून तसंच उतरलं आहे : बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा नाही, गंभीर इजा वगैरे अपवाद सोडून.

आता तुमच्या घराबद्दल. तुम्ही जिथे राहता त्या न्यू साउथ वेल्स राज्यानं बरोज यांच्या सूचनेसारखा मार्ग त्यांच्याआधीच पत्करला होता. आमदार ॲलन कॉर्बेट यांच्या पुढाकारानं २००१ मध्ये तिथल्या फौजदारी कायद्यात कलम ६१एए आलं. पालकाला वाजवी शिक्षा करता येते. पण डोक्यावर किंवा मानेवर केलेला मार, अगदीच नगण्य असल्याखेरीज, वाजवी धरला जात नाही. शरीराच्या इतर भागावरच्या माराचा त्रास थोड्या वेळापलीकडे टिकण्याची शक्यता असेल तर तोही नाही.

ही रेषा मराठी घरांसाठी जरा गैरसोयीची आहे. आपल्या शिक्षांपैकी टपली डोक्यात बसते, थोबाडीत गालावर, कान पिरगाळायचा तर तोही डोक्याचाच भाग. उरतो पाठीतला धपाटा, आणि त्याचा वळ संध्याकाळपर्यंत राहिला तर तोही गेला. तुमच्या मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांवर, मूल गंभीर धोक्यात असल्याचा रास्त संशय आला तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. एका चापटीसाठी ते कळवत नाहीत. पण सात वर्षांची मुलं वर्गात घरची हकीकत सांगताना आईच्या एका धपाट्याचे तीन करतात.

शेजाऱ्यांना हे कलम माहीत आहे का, ते एकदा विचारून पाहा. ज्या देशावर रुसून ते आले, तिथे कानाखाली वाजवायची परवानगी नव्हती. जिथे आले, तिथेही ती नाहीच.